पाड्यावर क्षयरोगाविषयी बोलताना: लोकांची समज कशी जाणून घ्यावी आणि तिच्यावर काम कसे करावे

आदिवासी आणि दुर्गम ग्रामीण भागात क्षयरोगाचे काम करणाऱ्या आशाताई, आरोग्यसेविका, उपचार सहायक, आश्रमशाळांतील शिक्षक आणि संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. यातील उदाहरणे मुख्यतः मेळघाट, नंदुरबार, पालघर, रायगड आणि गडचिरोली या भागांतील आहेत, कारण महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने तिथेच भेटतो. आदिवासी आरोग्याविषयीच्या तज्ज्ञ समितीने 2018 साली दिलेल्या अहवालात, आदिवासी समाजात फुप्फुसाच्या क्षयरोगाचे प्रमाण लाख लोकसंख्येमागे 703, तर इतरांत 256 असल्याचे नोंदवले होते. म्हणजेच ज्या पाड्यावर आपण जाणार आहोत, तिथल्या लोकांनी हा आजार पाहिलेला असतो आणि त्याविषयी त्यांचे काही ठाम मत झालेले असते. ते मत जाणून न घेता माहिती देणे सुरू केले, तर आपले बोलणे ऐकले जाते, मान डोलावली जाते आणि पुढे काहीच घडत नाही.

‘लोक अडाणी आहेत, म्हणून उशिरा येतात’ हे वाक्य आरोग्यसेवेत फार सहज उच्चारले जाते. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यात एक अभ्यास केला होता, तो 1963 साली प्रसिद्ध झाला. छातीच्या क्ष-किरण तपासणीत ज्यांना क्षयरोगाच्या खुणा आढळल्या, अशा ग्रामस्थांशी त्यांनी बोलणे केले. त्यांपैकी बहुतेकांना आपल्याला काही तरी झाले आहे हे ठाऊक होते, आणि सुमारे निम्मे लोक दवाखान्याची पायरी चढूनही आले होते. तिथे त्यांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठवले गेले होते. अडचण रुग्णाच्या समजुतीत होती त्याहून अधिक दवाखान्याच्या वागण्यात होती. याच्या शेजारी 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणाचा निष्कर्ष ठेवून पाहावा: लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे 64 टक्के लोक कुठेही उपचारासाठी गेलेले नव्हते, आणि त्यांतील बहुतेकांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केले होते. हे दोन्ही निष्कर्ष मला परस्परविरोधी वाटत नाहीत. एकदा बाटली घेऊन परत आलेला माणूस दुसऱ्यांदा मजुरी बुडवून जात नाही, आणि त्याचा अनुभव पाड्यावरचे वीस जण ऐकतात.

जाण्यापूर्वीची तयारी

लोकांशी बोलण्याआधी आपल्या हाती काही उत्तरे असली पाहिजेत. थुंकीचा नमुना कोणत्या दिवशी आणि कुणाच्या हाती द्यायचा, तो कोणत्या केंद्रात तपासला जातो, निकाल किती दिवसांत आणि कोणत्या मार्गाने कळतो, क्ष-किरण काढण्यासाठी किती लांब जावे लागते, बाजाराच्या दिवशी तिकडे जाणारी जीप किती वाजता सुटते, हे सर्व प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन स्वतः विचारून घ्यावे. अनेक ग्रामीण केंद्रांत आता ट्रूनॅट यंत्र असते. गोव्यातील मोलबायो या कंपनीने तयार केलेले हे यंत्र बॅटरीवरही चालते आणि साधारण तासाभरात जंतू आहेत की नाहीत हे सांगते; त्याच नमुन्यावर पुढची चाचणी करून रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही कळते. आपल्या भागात ते कुठे आहे आणि चालू आहे का, याची खात्री करून घ्यावी. ‘मग आता आम्ही जायचे कुठे?’ या प्रश्नाला ज्याच्याकडे नेमके उत्तर नाही, त्याने पाड्यावर भीती पेरू नये.

वेळ निवडणे हे निम्मे काम आहे. कातकरी आणि वारली कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडण्यासाठी निघून जातात, नंदुरबारमधील भिल आणि पावरा कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, मेळघाटातील कोरकू मजूर शहरांकडे बांधकामावर जातात. डिसेंबरात पाड्यावर गेल्यास म्हातारी माणसे आणि लहान मुले तेवढी भेटतात. होळीच्या सुमारास बहुतेक जण परततात. मेळघाटात आणि सातपुड्यात तर होळीला घरी असणे हे कर्तव्यच मानले जाते. तपासणीची मोहीम या दिवसांच्या लगेच नंतर ठेवली, तर जी माणसे वर्षभर सापडत नाहीत ती भेटतात. दिवसाची वेळ म्हणाल तर संध्याकाळ चांगली, कारण सकाळी लोक रानात असतात.

भाषेचीही सोय आधीच करावी. कोरकू, पावरी, माडिया बोलणाऱ्या घरात मराठीतून विचारलेल्या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर येते आणि त्याचा अर्थ काहीही असू शकतो. आश्रमशाळेतल्या मुलाला दुभाषी म्हणून पुढे करण्याची सवय आहे, ती मात्र टाळावी. बापाला रक्त पडते का, हे दहा वर्षांच्या मुलाने विचारणे त्या मुलालाही जड जाते आणि बापही खरे सांगत नाही. त्याच समाजातील प्रौढ व्यक्ती, शक्यतो बायकांशी बोलण्यासाठी बाई, सोबत असावी.

आधी ऐकण्याचे काम

‘क्षयरोग माहीत आहे का?’ हा प्रश्न विचारू नये. तो परीक्षेतल्यासारखा वाटतो आणि माणूस गप्प होतो. त्याऐवजी घडलेल्या गोष्टीविषयी विचारावे. इथे कुणी खोकून खोकून सुकत गेले होते का? सुरुवात कशी झाली? घरच्यांना काय वाटले? सर्वांत आधी कुणाकडे नेले? तिथून पुढे? पैसे किती गेले, आणि ते आणले कुठून? बकरी विकली की बयाणा घेतला? या प्रश्नांची उत्तरे देताना लोक मोकळे होतात, कारण हे त्यांचे स्वतःचे जगणे आहे आणि त्यात चूक-बरोबर असे काही नाही.

उत्तरांतून उपचाराची एक वाट दिसू लागते. पुष्कळदा ती अशी असते: सुरुवातीचे काही आठवडे घरची झाडपाल्याची औषधे, मग भगत किंवा भुमका किंवा बडवा, म्हणजे पाड्यावरचा पारंपरिक उपचार करणारा, ज्या भागात जो असेल तो, त्यानंतर बाजाराच्या गावातला सुई आणि सलाईन लावणारा डॉक्टर, तिथे पैसे संपले की सरकारी दवाखाना. ही वाट वहीत टिपून ठेवावी, कारण आपल्याला याच वाटेवर कुठे तरी उभे राहायचे आहे. लोक आजाराला जे नाव देतात तेही त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि पुढे बोलताना तेच वापरावे.

ऐकताना अपयशाच्या गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. ‘त्याने सहा महिने गोळ्या खाल्ल्या, तरी मेला’ असे कुणी सांगितले, तर त्याला गैरसमज समजून पुढे जाऊ नये. मध्य प्रदेशातील अलीराजपूर आणि झाबुआ भागातील भिल, भिलाला मजूर गुजरातमधील दगडाची भुकटी करणाऱ्या कारखान्यांत काम करून परतले आणि त्यांना सिलिकोसिस झाला. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात साचून होणारा हा आजार दिसायला क्षयरोगासारखाच असल्याने अनेकांना क्षयरोगाची औषधे दिली गेली आणि अर्थातच त्यांना आराम पडला नाही. त्यात भर म्हणजे सिलिकोसिस असलेल्याला क्षयरोग होण्याचा धोकाही वाढतो, त्यामुळे दोन्ही एकत्र असू शकतात. म्हणून खोकणाऱ्या माणसाने आधी कुठे काम केले, दगडखाण, क्रशर, भट्टी, हे नेहमी विचारावे आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे. गोळ्या खाऊन माणूस मेल्याची आठवण जिथे आहे, तिथे ‘क्षयरोग हमखास बरा होतो’ हे वाक्य खोटे ठरते. त्या मृत्यूविषयी आधी बोलावे लागते.

ऐकून काम बदलता येते, याचे एक उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने लोकांना दवाखान्याची भीती का वाटते हे त्यांच्याकडूनच समजून घेतले, आणि शोधग्राममधील रुग्णालय आदिवासी खेड्यासारख्या झोपड्यांच्या रूपात, नातेवाइकांना सोबत राहता येईल असे उभारले. त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. आपल्याला रुग्णालय बांधायचे नसले, तरी तपासणीच्या दिवशी रुग्णासोबत आलेल्या चार माणसांना बाहेर हाकलू नये, इतके आपल्या हातात निश्चित असते.

समजुतींना उत्तर देताना

सर्वाधिक भेटणारी समजूत करणीची किंवा देव कोपल्याची. तिच्यावर थेट हल्ला करू नये. ‘असे काही नसते’ म्हटले की समोरचा माणूस आपल्याला घरातून नव्हे, पण मनातून बाहेर काढतो. शिवाय त्याचा प्रश्न वेगळा असतो. एकाच घरात चौघे राहतात, एकाच ताटात जेवतात, मग यालाच का झाले, हे त्याला समजून घ्यायचे असते. या प्रश्नाला आरोग्यशास्त्रात चांगले उत्तर आहे आणि ते दिले पाहिजे. रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी ज्या जंतूचा शोध जाहीर केला, तो जंतू आजारी माणसाच्या खोकल्यातून हवेत येतो आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या छातीत जातो. तो पुष्कळांच्या शरीरात शिरतो. पण शिरला म्हणजे आजार झाला असे नाही. चुलीतला निखारा राखेखाली दबून राहतो तसा तो वर्षानुवर्षे निपचित राहू शकतो. दहा जणांच्या शरीरात तो असला, तर आयुष्यभरात त्यांपैकी एखाद्यालाच आजार होतो. अन्न कमी पडले, दारू वाढली, मधुमेह किंवा एचआयव्ही झाला, छातीत धूळ साचली, की तो पेट घेतो. ‘यालाच का?’ याचे हे उत्तर लोकांना पटते, कारण उपासमार आणि कष्ट त्यांनी जवळून पाहिलेले असतात.

दुसरी समजूत अशी की हा आजार घराण्यात चालतो. बापाला होता, मुलाला झाला, म्हणून ती रुजते. इथे बापलेक एकाच बंद खोलीत झोपत होते, याची आठवण करून द्यावी. या समजुतीमुळे मुलींची लग्ने मोडतात, म्हणून ती किरकोळ समजू नये.

तिसरी समजूत उष्ट्याची आणि भांड्यांची. रुग्णाचे ताट वेगळे, गोधडी वेगळी, कधी झोपडीही वेगळी केली जाते. हा जंतू ताटातून, कपड्यातून, हात लावल्याने पसरत नाही, आणि गाठींचा, मणक्याचा, पोटाचा क्षयरोग असेल तर तो बहुधा दुसऱ्याला लागतच नाही. फुप्फुसाच्या रुग्णातही योग्य औषधे सुरू झाल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत संसर्गाची शक्यता बहुतेकांत फार कमी होते. मद्रासमध्ये 1956 साली सुरू झालेल्या एका प्रयोगात काही रुग्णांना आरोग्यधामात आणि काहींना गरिबांच्या गर्दीच्या घरात ठेवून उपचार केले गेले. 1959 साली निष्कर्ष आले, तेव्हा घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना अधिक धोका झाल्याचे दिसले नाही. जगभर रुग्णांना घरीच ठेवून उपचार करण्याची रीत रुजण्यात या आपल्याकडच्या प्रयोगाचा मोठा वाटा आहे. म्हणून ताट वेगळे करण्याऐवजी तोंडावर फडके, घरात वारा आणि ऊन, आणि पहिल्या दिवसापासून गोळ्या, या तीन गोष्टींवर भर द्यावा. मेळघाटातील आणि डोंगरातील अनेक घरांना खिडकी नसते. सुरुवातीचे काही आठवडे रुग्णाने पडवीत किंवा अंगणात झोपावे असे सुचवता येते, मात्र ते घरातल्या सर्वांसमोर, कारण सांगून आणि मुदत सांगून, म्हणजे त्याला वाळीत टाकल्यासारखे होणार नाही.

दारू, तंबाखू आणि अतिकष्ट यांमुळे हा आजार होतो, असेही पुष्कळ जण सांगतात. यात तथ्याचा अंश आहे, आणि तो मान्य करावा. जंतूशिवाय आजार होत नाही, पण दारू आणि विडी त्याला वाट करून देतात. आणखी एक प्रश्न आया विचारतात: बाळाला दंडावर लस दिली आहे, मग त्याला कसा होईल? बीसीजीची लस लहान मुलांना मेंदूच्या आणि सर्वांगात पसरणाऱ्या क्षयरोगापासून चांगले संरक्षण देते. मोठेपणी होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयरोगापासून ती खात्रीने वाचवत नाही.

भगताकडे कसे पाहावे

भगत हा पाड्यावर सर्वांत आधी भेटला जाणारा माणूस आहे, रात्री-अपरात्रीही तो उपलब्ध असतो आणि पुष्कळदा उधारीवर काम करतो. त्याला वगळून केलेले काम टिकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या घरी स्वतंत्रपणे, आदराने जावे. सभेत त्याचा मुद्दा काढू नये. त्याच्याकडे मागणे एवढेच असावे की दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेला, संध्याकाळी ताप येणारा, वजन घटत चाललेला, रात्री घामाने भिजणारा किंवा थुंकीत रक्त येणारा माणूस आला, तर त्याने आपला विधी करावा आणि त्यासोबतच नमुना द्यायला पाठवावे. विधी आणि गोळी यांपैकी एक निवडा, असे रुग्णाला सांगू नये. त्याने पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे त्याला जरूर कळवावे, मात्र रुग्णाची परवानगी घेऊन. पोटात घ्यायच्या अनोळखी औषधांविषयी मात्र स्पष्ट बोलावे, कारण क्षयरोगाच्या गोळ्यांचा यकृतावर आधीच भार असतो.

थुंकीचा नमुना

समजुतीचे सगळे काम या एका डबीपाशी येऊन थांबते आणि इथेच सर्वांत जास्त घाई केली जाते. डबी हातात देऊन ‘यात थुंकून दे’ म्हटले की माणूस लाळ देतो. लाळेत जंतू सापडत नाहीत, निकाल ‘काही नाही’ असा येतो, आणि माणूस पुढचे सहा महिने निश्चिंतपणे खोकत राहतो.

रुग्णाला घराबाहेर, मोकळ्या हवेत, इतरांपासून दूर न्यावे. साध्या पाण्याने चूळ भरायला सांगावे. तोंडातला तंबाखू आणि अन्नाचे कण निघून जातील हे पाहावे. मग दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन, थोडा रोखून सोडायला सांगावे, आणि त्यानंतर छातीच्या तळातून जोरात खोकायला. आपण स्वतः तसा श्वास घेऊन दाखवावा, म्हणजे भाषेची अडचण राहत नाही. जे वर येते ते घट्ट, चिकट, पिवळसर असते; पातळ, पाण्यासारखे, फेसाळ असेल तर पुन्हा प्रयत्न करायला सांगावे. साधारण लहान चमचा अर्धा भरेल इतका तरी बेडका हवा. खोकताना समोर न उभे राहता वाऱ्याच्या दिशेला, म्हणजे वारा आपल्या पाठीमागून येईल असे, बाजूला उभे राहावे. झाकण घट्ट लावावे आणि नाव झाकणावर नव्हे, डबीच्या अंगावर लिहावे, कारण प्रयोगशाळेत झाकणे काढली जातात. दुसरी डबी देऊन पहाटे उठल्याबरोबर, काही खाण्यापूर्वीचा नमुना घ्यायला सांगावे. नमुना उन्हात किंवा गाडीच्या तापलेल्या डिकीत ठेवू नये. बायकांना चारचौघांत खाकरण्याची लाज वाटते. त्यांना घरामागची जागा द्यावी.

नमुन्यात काही आले नाही आणि लक्षणे मात्र कायम राहिली, तर तिथे थांबू नये. क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्ण केवळ क्ष-किरणामुळे हाती लागले होते. मानेतील गाठी, न वाढणारे मूल, दीर्घकाळची पाठदुखी यांकडेही लक्ष ठेवावे.

औषधे सुरू होताना आधी सांगायच्या गोष्टी

औषधाला दाद देणाऱ्या नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो, गोळ्या रोज घ्यायच्या असतात आणि त्यांची संख्या वजनावर ठरते. पहिल्या दोन महिन्यांत चार औषधे, पुढच्या चार महिन्यांत तीन. हे सर्व मोफत आहे. त्याच वेळी साखरेची आणि एचआयव्हीची तपासणीही होते. ती सगळ्याच रुग्णांची होते, तुझ्यावर संशय म्हणून नव्हे, असे सांगितले की रुग्ण बिचकत नाही.

पहिल्याच दिवशी, गोळी गिळण्याआधी, सांगायची गोष्ट म्हणजे लघवीचा रंग. रिफाम्पिसिनमुळे लघवी नारिंगी-लाल होते. हे कुणी आधी सांगितले नाही, तर रुग्ण दुसऱ्या सकाळी झाडामागे ती पाहतो, रक्त चालले आहे असे समजतो, आणि गोळ्यांची पाकिटे छपरात खोचून ठेवतो. विचारणाऱ्याला मात्र ‘घेतो आहे’ असेच सांगत राहतो. म्हणून स्पष्ट सांगावे की उद्या रंग बदललेला दिसेल, तो औषधाचा आहे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. त्याच श्वासात धोक्याची खूणही सांगावी: डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, अन्नाचा तिटकारा आला, तर ती कावीळ असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे. नजर अंधूक होणे किंवा रंग ओळखता न येणे, पायांना मुंग्या येणे, हेही कळवायचे. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला सांगावे की या उपचाराच्या काळात त्यांचा परिणाम कमी होतो, त्यामुळे दुसरा उपाय नर्सबाईंना विचारून घ्यावा. अंगावर पाजणाऱ्या आईने दूध तोडू नये; तोंडाला फडके बांधून पाजावे.

दीड-दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, माणूस कामाला लागतो आणि गोळ्या सुटण्याचा धोका नेमका तेव्हाच सर्वांत जास्त असतो. तेव्हा पाड्यावर एक फेरी वाढवावी. अर्धवट सोडलेल्या औषधांनी जंतू निर्ढावतात आणि पुढचा आजार अधिक अवघड होतो, हे सांगावे, पण धमकीच्या सुरात नव्हे.

दारूविषयी बोलताना फार जपावे लागते. ‘दारूवर गोळी चालत नाही’ असे सांगितले, तर रुग्ण दारू सोडत नाही, ज्या दिवशी मोहाची घेतली त्या दिवशी गोळी सोडतो. लग्नसराईत आणि सणात तर सलग आठ-दहा दिवस सोडतो. दारूने यकृताला धोका वाढतो हे खरे आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. मात्र त्यापाठोपाठ गोळी कोणत्याही दिवशी चुकवायची नाही हेही सांगावे, आणि पिणारा रुग्ण असेल तर तो सकाळीच गोळी घेईल अशी व्यवस्था करावी.

स्थलांतराविषयी लपवाछपवी होऊ नये यासाठी, ‘कामाला जाऊ नकोस’ हा सल्ला देण्याआधी विचार करावा. मुकादमाकडून उचल घेतलेल्या माणसाला तो पाळता येत नाही, आणि मग तो न सांगता निघून जातो. प्रत्येक रुग्णाला ‘निक्षय’ या सरकारी क्षयरोग नोंदणी प्रणालीत मिळणारा निक्षय क्रमांक देशात कुठेही चालतो. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी कळवले, तर वाटेपुरती औषधे घेता येतात आणि ज्या गावी जायचे तिथल्या केंद्राकडे नाव वर्ग करता येते. हा क्रमांक कागदावर लिहून रुग्णाला द्यावा आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवावा. निक्षय संपर्काचा 1800-11-6666 हा मोफत क्रमांकही त्याच कागदावर असावा.

नव्याने लग्न झालेल्या बाईला आजार निघाला की तिला माहेरी धाडले जाते. तिचे नाव एका गावच्या यादीत राहते आणि ती दुसऱ्या गावी असते. म्हणून बाईची नोंद करतानाच दोन्ही गावे लिहून घ्यावीत, आणि सासरच्या माणसांशी तिच्या संमतीनेच बोलावे. तिचा आजार पाड्यावर आपल्यामुळे जाहीर झाला, तर पुढची बाई आपल्याला नमुना देणार नाही.

अन्नाशिवाय हे बोलणे अपुरे

‘चांगलेचुंगले खा’ हा सल्ला, ज्याच्या घरात दोन वेळची भाकरी कशीबशी होते त्याला देणे मला क्रूर वाटते. अन्नाचा प्रश्न हा या आजाराचा गाभा आहे आणि आता त्याला भक्कम आधारही आहे. झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2800 रुग्णांच्या कुटुंबांसोबत अभ्यास केला. ज्या घरांतील इतर माणसांनाही दरमहा तांदूळ, डाळ आणि पूरक पोषण दिले गेले, त्या घरांत नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले. रुग्णांत पहिल्या दोन महिन्यांत वजन 5 टक्क्यांनी वाढले, तर मृत्यूचा धोका सुमारे 61 टक्क्यांनी कमी झालेला दिसला. रुग्ण चाळीस किलोचा असेल, तर हे केवळ दोन किलो आहेत. म्हणून वजनकाटा सोबत न्यावा, दर महिन्याला वजन करून रुग्णाला आणि घरच्यांना दाखवावे. वाढलेला आकडा पाहून जो विश्वास बसतो तो भाषणाने बसत नाही. आणि वजन वाढल्यावर गोळ्यांची संख्या बदलावी लागते का, हे डॉक्टरांना विचारता येते.

निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा मिळणारी रक्कम 1 नोव्हेंबर 2024 पासून 500 वरून 1000 रुपये झाली आहे, आणि अधिसूचित आदिवासी भागातील रुग्णाला प्रवासासाठी एकदा 750 रुपये मिळतात. पैसे थेट बँक खात्यात येतात, आणि घोडे इथेच अडते. खाते नसते, आधारशी जोडलेले नसते, बंद पडलेले असते किंवा पासबुक सावकाराकडे असते. योजनेची माहिती सांगून मोकळे होऊ नये. रुग्णासोबत बँकेत एकदा जाऊन खाते चालू करून द्यावे. रेशनकार्डावर नाव आहे का आणि धान्य प्रत्यक्ष मिळते का, हेही त्याच फेरीत पाहावे. घरात काय उपलब्ध आहे यावरूनच आहाराविषयी बोलावे: नागली, उडीद, कुळीथ, शेंगदाणे, अंडी, सुकट, रानभाज्या, खेकडे. फळांचा रस आणि बदाम यांची नावेही काढू नयेत.

घरातील इतर माणसे

रुग्ण सापडला की घरातील प्रत्येकाची तपासणी करायची असते, आणि पाच वर्षांखालील मुले आधी. ज्यांना आजार नाही हे निश्चित झाले, त्यांना प्रतिबंधक उपचार दिला जातो. तो सहा महिने रोज किंवा बारा आठवडे आठवड्यातून एकदा, असा केंद्रात उपलब्ध पद्धतीनुसार असतो. निरोगी मुलाला गोळ्या कशाला, हा प्रश्न प्रत्येक आई विचारते आणि तो रास्त आहे. राखेखालच्या निखाऱ्याची गोष्ट इथे पुन्हा सांगावी. मूल खेळते-बागडते आहे, तेव्हाच ही गोळी उपयोगी पडते.

समजले की नाही, हे कसे पाहावे

‘कळले का?’ असे विचारून काही कळत नाही. रुग्णालाच सांगायला लावावे: आता घरी जाऊन बायकोला काय सांगशील? लघवी लाल दिसली तर काय करशील? होळीनंतर कामाला जाताना कुणाला कळवशील? उत्तर अडखळले, तर आपले सांगणे कमी पडले असे समजून पुन्हा, वेगळ्या शब्दांत सांगावे. पाड्यापुरती फूटपट्टी अशी ठेवता येईल: खोकला सुरू झाल्यापासून पहिला नमुना दिला जाईपर्यंत किती आठवडे गेले, हे प्रत्येक नव्या रुग्णाच्या नावापुढे वहीत लिहावे. वर्षभरात ते आठवडे कमी होत गेले, तर समज बदलते आहे; आणि नाही झाले, तर लोकांनी सांगितलेली ती उपचाराची वाट पुन्हा उघडून, माणसे कुठे अडतात ते त्यांनाच विचारावे.

उपचार पूर्ण झालेल्या माणसाची तयारी असेल, तर पुढच्या घरी त्याला सोबत न्यावे. त्याच्या भाषेत, त्याच्याच अंगणात सांगितलेले लोक ऐकतात, आणि त्याच्याकडे गावकरी एकांतात जे विचारतात ते आपल्याला कधीच विचारत नाहीत. या कामाचा मोबदला किंवा निदान बुडालेली मजुरी त्याला मिळेल, हे पाहणे आपले काम आहे. त्याची स्वतःचीही देखरेख चालू ठेवावी: गोळ्या संपल्यावर 6, 12, 18 आणि 24 महिन्यांनी भेट घेऊन खोकला, ताप, वजन विचारावे आणि शंका आली तर नमुना घ्यावा. या चार भेटींच्या तारखा उपचार संपण्याच्या दिवशीच वहीत लिहून ठेवाव्यात, आणि त्यांतील एखादी तारीख दिवाळी ते होळी यांच्या दरम्यान पडत असेल, तर ती माणूस निघून जाण्यापूर्वीच्या एखाद्या बाजाराच्या दिवसावर आणावी.